दोनशे छप्पन

उदगीरला चौबाऱ्याच्या अलीकडं माझं दुकान.
तिथं शिवलीलाबाई बिरादार आल्या, हात रिकामे.
म्हणाल्या, टीव्ही आमच्या वाट्याला आलाय,
रिमोट धाकल्यानं नेला.
मी हसलो नाही.
वाटणीत जातं एकाकडं, खुंटा दुसऱ्याकडं
गेलेला मी पाहिलाय.

टीव्ही बिननावाचा, हैदराबादेत कुणी जोडलेला,
मागची चिठ्ठी उन्हानं कोरी झालेली.
माझ्याकडं कोडांची फाईल आहे, अकराशे संचांची,
कुलूप लागलेल्या कारखान्यांचीसुद्धा.
एकालाही तो ओ देईना.
खरा रिमोट ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं
आणि खरा रिमोट भिंतीपलीकडं.

भिंत नवी, गिलावा व्हायचाय.
वर हातभर झरोका, दोघांचा किंवा कुणाचाच नाही.
दुपारी, धाकला मोंढ्यात गेल्यावर,
झरोक्यात आधी एक वेणी आली, मग अक्कू,
ट्रंकेवर ट्रंक रचून उभी.
"कुठलं दाबू, काका?"
"वरचं लाल."

डोळ्याला काही दिसलं नाही.
मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर तिच्या मुठीशी
जांभळा ठिपका लुकलुकत होता.
तीन पायांचा रिसीव्हर माझ्या तळहातावर,
पडद्यावर आकडे उतरले:
नऊ हजार, साडेचार हजार,
पाचशे साठ, पाचशे साठ,
पाचशे साठ, सोळाशे नव्वद,
सेकंदाचे दहा लाख तुकडे करून मोजलेलं बोलणं.

ह्यात शब्द कुठाय, बाईंनी विचारलं.
सांगितलं, उजेड दर खेपेला सारखाच असतो.
त्याच्यानंतर थोडं थांबला तर शून्य,
जास्त थांबला तर एक.
अर्थ सगळा थांबण्यात.
त्या भिंतीकडं बघत राहिल्या.
मी वहीत लिहीत राहिलो.

अजून एक: रिमोट हुकूम सोडतो,
पाठोपाठ तोच हुकूम उलटा करून सोडतो,
एकाचं शून्य, शून्याचं एक.
दोन्ही जुळले तरच टीव्ही खरं मानतो.
वाटणीपत्रावर एवढी काळजी
कुणी घेतली नसावी.

मग वेळांचे केले शून्य-एक,
शून्य-एकाचे सोळाच्या हिशेबातले अंक,
त्यांच्या पुन्हा वेळा, भिंतीवरच्या डबीला कळतील अशा.
एका बटणाला अडुसष्ट आकडे.
एका जागी चुकलो, तर आवाज वाढवायला गेलो
आणि कन्नड बातम्या लागल्या.

पण चालूचं बटण तेच बंदचं.
असेल त्याचं नसेल, नसेल त्याचं असेल,
एवढंच त्या लाल बटणाला बोलता येतं.
अप्पांना टीव्ही सातला आपोआप लागायला हवा,
आधीच लागलेला असला तर नेमका सातला विझणार.

म्हणून रात्री टीव्ही दुकानात आणला, शटर ओढलं,
शून्यापासून एकेक हुकूम सोडत गेलो.
दोनशे छप्पन.
बरेचसे मुके.
एकशे चारला पडदा निळा झाला.
एकशे एकतीसला कारखान्यातलं तपासणीचं पान उघडलं,
चिनी अक्षरं, बंद करता करता चहा गार.
एकशे सत्त्याहत्तरला लागला.
पुन्हा तेच सोडलं. लागलेलाच राहिला.
तिसऱ्यांदा सोडलं, खात्रीला.
चौथ्यांदा उगाच.
नुसतं "चालू" म्हणणारा हुकूम, आत होताच,
त्याला कुणी बटण दिलं नव्हतं.
वहीत १७७ भोवती गोल केला.

तिसऱ्या दिवशी डबी बसवून निघालो,
तर धाकला दारात, हातात हातोडी.
"झरोका बुजवूलालोय. धूळ लई येऊलालीय.
पत्रा ठोकू का काच?"
त्याच्यामागं अक्कू, दोन्ही हात पाठीशी.
काच, मी म्हटलं. पत्र्यानं घर अंधारतं.
काचेतून अजून काय काय जातं
ते त्यानं विचारलं नाही.
मी खिशातला टेप काढला, ट्रंकेवर चढलो,
माप घेतलं: अठरा बाय नऊ.