रविवारचे कान

रविवारी जेवणं आटोपली की
मी शेगडीपुढे जुना टॉवेल अंथरते.
कापूस, बोथट कात्री, औषधाची बाटली.
पुडिनला हल्ली हाक ऐकू येत नाही,
पण त्या बाटलीचं बूच बरोबर ऐकू येतं.
टेबलाखाली शिरून
तो स्वतःला लाकूड समजू लागतो.

स्पॅनियल हवा हा हट्ट मॅबलीचा.
आठ वर्षांची होती. म्हणाली, मी करीन त्याचं सगळं.
आता ती कार्डिफला असते.
फोनवर आधी त्याची चौकशी,
मग माझी.

कान असे, की पाण्याच्या भांड्यात
जिभेआधी तेच पोचतात.
टवकारता ते त्याला कधी आलेच नाहीत.
फार नवल वाटलं तर मुळाशी जरासे उचलतात,
दोरीवरचं ओलं धुणं वाऱ्याने उचलावं तेवढे.
डोंगरावरून आला की त्यांत अडकलेलं असतं
नेच्याचं पान, मेंढीची लोकर, चिकट बोंडं,
एकदा तर अख्खी जिवंत गोगलगाय.
मी एकेक केस सोडवत बसते.
तो डोळ्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवतो.

इद्वलचे कान पाटीच्या खाणीत गेले.
एकतीस वर्षं. सुरुंग, ड्रिल, वर पत्र्याचं छप्पर.
यंत्र मिळालं सरकारी दवाखान्यातून.
त्याने ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, सुतळीशेजारी.
मी बोलत राहिले.
नवऱ्याने कानाडोळा केला तर भांडता येतं,
ऐकूच येत नसेल तर कुणाशी भांडायचं?

मार्चमध्ये ड्रॉवर उघडा राहिला.
पुडिन आला, तोंड मिटलेलं,
अंडं चोरलं की येतो तसा, जपून जपून.
शिकारी जात. पाखरू उचलावं
पण पिसालाही दात लागू नये, हे रक्तातच.
इद्वलच्या गुडघ्यावर त्याने ते यंत्र ठेवलं.
लाळेने ओलं, आणि ओरखडासुद्धा नाही.

इद्वलने ते शर्टाला पुसलं.
माझ्याकडे न बघता कानात घातलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हा एवढा घोरतो?
म्हटलं, दहा वर्षं.
आणि तूही.

असं नाही की तेव्हापासून तो रोज घालतो.
रविवारी घालतो. कधी बुधवारी.
पुडिनचा डावा कान पुन्हा आंबूस वास मारतोय,
डॉक्टर म्हणाली, वय झालं, आता हे चालायचंच.
मी आधी त्याचे थेंब घालते, मग इद्वलचे,
बाटल्या वेगळ्या, टॉवेल एकच.
दोघंही मान तिरकी करून माझ्या मांडीपाशी.
काहीबाही पुटपुटते मी,
दोघांनाही ऐकू येणार नाही इतक्या हळू.

मग पुडिन उठतो,
डोक्यापासून शेपटीपर्यंत स्वतःला झटकतो,
आणि निम्मं औषध
भिंतीवर, चष्म्यावर,
इद्वलच्या चहात.