नवीन कर्मणी

मालक म्हणाले, "मजकूर तुम्हीच करा बाई,
तुमचं मराठी चांगलंय."
म्हणून तासगावात, बेदाण्याचा सौदा उठल्यावर,
मी गजबर मुलाणीला कामावरून काढायला बसले.

"आपणांस कळविण्यात येते की" —
इथवर बोटं आपोआप गेली.
शाळेत कुंभारगुरुजी फळ्यावर लिहायचे:
करण्यात येते, देण्यात येते, हा नवीन कर्मणी.
कर्ता सांगायचा नसेल तर फार सोयीचा.
आम्ही उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.

स्टोरेजच्या तिन्ही चेंबरचं तापमान
रात्री दर दोन तासांनी बघून वहीत मांडायचं, हे त्याचं काम.
अक्षरं येत नाहीत त्याला, आकडे येतात.
चार. चार. साडेचार. चार.
त्याचा चार म्हणजे सुतळीची सैल गाठ.
आता मशीन तेच आकडे
मालकांच्या मोबाइलवर पाठवतं.

"आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेबद्दल आम्ही ऋणी" असं लिहिलं,
मग खोडलं.
ऋणी म्हटलं की हिशेब आला.
"सेवेची नोंद घेण्यात आली आहे."

संध्याकाळी तो आला, भर मे महिन्यात
अंगात स्वेटर, कानाला मफलर.
पाकीट उलटंपालटं केलं, माझ्याकडंच दिलं.
"वाचा की जरा. चष्मा इसरलो."
चष्मा त्याला कधी नव्हताच.

वाचलं. "समाप्त करण्यात येत आहे"पाशी
घशात काहीतरी आलं, पाणी प्यायले.
तो ऐकत होता, मान एका बाजूला,
कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो तसा.

"बेस लिवलंय," म्हणाला. "पर काढलं कुणी?"

मी कागदात पाहिलं. कागदात कोणी नव्हतं.
खाली सही होती; मालक पुण्याला गेलेले,
"करिता" लिहून ती माझीच.
"वरनं आलंय," मी म्हणाले.
त्यानं वर पत्र्याकडं पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि घडी करून पत्र स्वेटरच्या आत सारलं.

सकाळी वही उघडली.
शेवटच्या रात्रीच्या सहा नोंदी.
प्रत्येकीपुढे, सहीच्या रकान्यात, निळा अंगठा.
थंडीनं पॅडची शाई आखडली असावी,
पहाटेचे दोन जरा पुसट.