गंगाखेड एकवीस

शहाऐंशी साली दैठणकर सरांनी
हैदराबादहून, मांडीवर धरून आणलेला
रबरी बटणांचा कॉम्प्युटर.
मेमरी अठ्ठेचाळीस केबी.
माझ्या दुकानात पोरं एकमेकांना
गुड मॉर्निंगचं जे फूल पाठवतात
ते एक फूलही यात मावणार नाही.
"याला नेटवर आणायचं," सर म्हणाले.
त्यांनी मला आठवीत भूमिती शिकवलेली,
म्हणून 'कशाला' विचारलं नाही.

वायफायचं कार्ड नखाएवढं. चार तारा डागल्या.
सॉफ्टवेअर माझ्या मोबाईलमध्ये, आवाज होऊन बसलेलं.
हेडफोनच्या भोकातून कॅसेटच्या भोकात
चार मिनिटं किंचाळत जायचं,
टीव्हीच्या कडांना निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या.
पहिल्यांदा शेजारच्या कूलरनं घात केला.
दुसऱ्यांदा आवाजच कमी पडला.
तिसऱ्यांदा सगळं सुरळीत, शेवटचं मिनिट,
आणि आतून काकू:
"काय करायलात ओ? नळ आलाय, मोटर लावा!"
आठ दिवसांनी आलेल्या पाण्याला
थांब कोण म्हणणार.
मोटर लागली, टीव्हीतलं चित्र आक्रसलं.
आम्ही दोघं पिंप भरत बसलो.

रात्री चौथ्या खेपेला लोड झालं.
मग त्यानं पत्ता विचारला.
मी आकडे सांगत गेलो,
सर एका बोटानं दाबत गेले, टिंबासकट.
"गेटवे म्हणजे वेस. आणि हा मास्क?"
"आपली गल्ली कुठं संपते ते, सर."
त्यांनी वहीत लिहून घेतलं, वर तारीख घातली.

राउटरला हाक मारली.
ओ आली.
भिंतीपलीकडच्या डब्यानं नुसती ओ दिली
तर सर खुर्चीतून अर्धे उठलेले.

मग जिल्ह्याचं हवामान मागवलं,
मधे माझा मोबाईल दुभाष्या.
पडदाभर प्रश्नचिन्हं.
ओळीच्या टोकाला तेवढे आकडे: 43, 44, 43.
"याला मराठी येत नाही, सर.
एका अक्षराला तीन प्रश्नचिन्हं टाकतंय.
काना, मात्रा, अनुस्वार,
प्रत्येकाची आणखी तीन-तीन."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
बोट काचेला लावलं.
"पंधरा. परभणी. नाहीतर मानवत. नाहीतर पाथरी."
"बारा. सेलू का पालम?"
"अठरावर तर तिघांचं भांडण,
जिंतूर, पूर्णा, सोनपेठ."
खालच्या ओळीवर आले. मोजलं.
परत मोजलं, ओठ हलवत.
"एकवीस. हे मात्र एकच."

"अगं, इकडं ये.
तुझ्या माहेरी आज चव्वेचाळीस."

काकू पदराला हात पुसत आल्या,
प्रश्नचिन्हांच्या त्या रांगेकडं
फोटोकडं बघावं तसं बघितलं.
"दुपारीच दादाचा फोन होता," म्हणाल्या,
"पंचेचाळीस म्हणत होता तो."

सरांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले.