कच्चा दगड

रस्त्याच्या कडेला पाट्या होत्या, अप्पा,
आपल्याकडे गावांच्या असतात तशा.
पण त्यांवर नावं नव्हती, सालं होती.
२००७. थोडं पुढे १९८६.
मग एक जुनी, गंजून अर्धी गेलेली.
ड्रायव्हर म्हणाला, त्या त्या वर्षी आग
डोंगरावरून इथून समुद्राकडे गेली.
दगडाचं जन्मसाल लिहिलेला रस्ता
मी पहिल्यांदाच पाहिला.
माझं तुम्ही कुठे लिहून ठेवलं नव्हतंत.
गुरुजींनी एक जून टाकला,
खाणीवरच्या सगळ्या पोरांना टाकायचे तसा.

रबाळ्याहून कंपनीने पाठवलं होतं
दगडावर दाब देणारं मशीन बसवून द्यायला.
बारा दिवस कामाचे, उरलेले तीन माझे.

बेट म्हणजे काय, तर समुद्रातून उठलेला एक डोंगर
आणि तासातासाला बदलणारा त्याचा अंगरखा.
खाली ऊस. वर धुकं, धुक्यात नेचे माणसाहून उंच.
त्याच्याही वर नुसती तांबडी-काळी राख,
गवताची काडी नाही,
गाडी बंद केली की आपलाच श्वास मोठा होतो.
पलीकडे दरी. तिच्या तळाशी गाव आहे, रस्ता नाही.
पोस्टमन चालत उतरायचा,
हल्ली पिठाची पोती हेलिकॉप्टरने येतात.
आणि किनाऱ्यावर वाळू काळी,
क्रशरखालच्या भुकटीसारखी.
मी चप्पल काढून चालले. चटका ओळखीचा होता.

जिच्याकडे उतरले ती मादाम वेलायूदों.
मूळचं वेलायुधम,
शेवट फ्रेंच नाकात अडकलेला.
तिच्या खापरपणज्याला जहाजात घालून आणलं होतं
ऊस तोडायला. कुठल्या गावाहून, तिला ठाऊक नाही.
तमिळ येत नाही. पण घरामागे लाल रंगाचं
बुटकं देऊळ आहे, आणि आतल्या बाईला ती
मारियम्मा म्हणते, अगदी आपली आई म्हणते तशी,
थोडं रागावून.
कोबी-गाजराचं लोणचं वाढत म्हणाली, अशार.
मी म्हटलं, अचार.
नाही, अशार.
दोघी हटलो नाही. पुष्कळ जेवलो मात्र.

शेवटच्या दिवशी ज्वालामुखीच्या काठावर
जोरिस नावाचा पोरगा वाट दाखवायला होता.
कुठून आलात, म्हणाला. सांगितलं.
त्याने काठी जमिनीवर आपटली.
तुमची जमीन इथूनच गेली की.
सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली.
खालचा विस्तव होता तिथेच राहिला,
वरची जमीन उत्तरेला सरकत गेली.
तो हातांनी दाखवत होता. मला कळलं ते असं:
चूल जागेवर, तवा सरकला.
भाकरी इलठाण पाड्यापर्यंत आली.

तेव्हा मला पारसिकचा डोंगर नाही आठवला.
तुमचा खोकला आठवला.

दगड न्यायचा नाही, असं बजावलं होतं.
मी एक मोज्यात घातला.

तुम्ही दारात बसला होतात,
खाली ऐरोलीचे दिवे, त्यापलीकडे खाडीचा अंधार.
दगड हातात घेतलात, तोललात.
हलका आहे, म्हणालात.
भोकांत करंगळीचं नख घालून पाहिलंत.
मग खाटेखालून हातोडी काढलीत,
जी विकली म्हणून आईने मला दोनदा सांगितलं होतं.
एकदाच ठोकलंत. कान वाकडा केलात.

"कच्चा आहे. पोक्त व्हायला वेळ आहे ह्याला."

माझ्या मशीननेही हेच सांगितलं असतं,
आकडा काढून, वर जीएसटी लावून.

मी जोरिसचं सगळं सांगितलं, चूल, तवा.
तुम्ही ऐकून घेतलंत. खोकल्याची उबळ जाऊ दिलीत.
मग विचारलंत,
"तिथं फोडतं कोण?"
मशीन, मी म्हटलं.
"आणि मशीनवर?"

ते मी विचारलंच नव्हतं.
तीन दिवस होते माझ्याकडे.
मी डोंगर बघत होते.