तेवढं राहू दे

ओक्पोच्या गोदीमागे, चढावर, माझा स्टुडिओ.
पाटीवर लग्न, पासपोर्ट, पहिला वाढदिवस,
पण पोट भरतं ते शेवटच्या फोटोवर;
माणूस हयात असताना काढून ठेवतो तो,
ज्याच्यापुढे मग नातेवाईक वाकतात
आणि म्हणतात, अगदी असेच दिसायचे.
(दिसत नसतात. मी दिवे तसे लावतो.)

मंगळवारी ब्यॉन तॅक-गू आले.
एकतीस वर्षं जहाजांच्या पोटात वेल्डिंग.
डाव्या भुवईत टाचणीच्या डोक्याएवढी टक्कलं,
गळ्याशी तांबूस त्रिकोण, उघड्या कॉलरच्या मापाचा,
भाजून भाजून कायमचा झालेला.
मागोमाग मुलगा. हातात पेटी.
मला वाटलं, दाढीचं सामान.

"थोडंसंच, बाबा. दिव्याखाली कातडी चमकते."
"मी काय नाटकात उभा राहणार आहे?"
हे त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं,
जसा काही मी पंच.

मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.
हानग्योल सोळाचा असताना
त्याची ओठांना लावायची कांडी
बापानं गॅसच्या ज्योतीवर धरली होती.
वितळताना जर्दाळूचा वास आला म्हणे.
बाप्या माणूस आणि तोंडाला फासतो!
लोक हसले. मीही हसलो होतो.

मग पोरगा पलटणीत गेला
आणि तिथं सरकारनंच त्याच्या तोंडाला फासलं:
हिरवं, काळं, मातकट.
तो फोटो मात्र बापानं पाकिटात ठेवला,
जो भेटेल त्याला दाखवला.

आता हानग्योल बुसानला एका दुकानात
मुलाखतीला निघालेल्या पुरुषांच्या
डोळ्यांखालची रात्र पुसतो.
तेच बोट आता बापाच्या गालावर.
"डोळे मिटा."
म्हाताऱ्यानं आधी मान खाली झटकली, खाड्‌कन,
कपाळावरचा मुखवटा तोंडावर पाडावा तशी,
आणि मगच मिटले.
मुखवटा नव्हता.
स्पंज गार लागला असावा, कारण ते थोडे दचकले
आणि डोळे मिटूनच बोलू लागले:

"काकडी लावायचो आम्ही. किसून.
आठ जण एका खोलीत, चेहरे सोललेले,
उताणे पडून राहायचो दिवा मालवून."
"दिवा का मालवून?"
बराच वेळ काहीच नाही.
"औषध होतं ते."
"हो," मुलगा म्हणाला, "औषधच."
आणि भुवईतली टक्कलं
एकेक केस काढल्यासारखी भरत गेला.

गळ्याशी आला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं.
"तेवढं राहू दे. तो माझा टाय आहे."

तीन फोटो काढले. तिसऱ्यात ते हसायला आले
आणि आवरले. तोच ठेवलाय.

पैसे देताना, मुलगा पेटी आवरत होता तेव्हा,
त्यांनी मला हळूच विचारलं,
"किती वेळ टिकतं हे?"
"रात्री धुवायचं असतं."
त्यांनी घड्याळ पाहिलं.

घर डाव्या हाताला, दोन मिनिटांवर.
ते उजवीकडे वळले, उतारानं,
चार नंबरच्या फाटकाकडे,
जिथं पाळी सुटायला
दहा मिनिटं होती.