आवक-जावक

मकरपुऱ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी कागद आत घेतले, कागद बाहेर सोडले.
डावीकडे आवक, उजवीकडे जावक,
मधे शाईचं पॅड आणि तारखेचा शिक्का,
त्याचे आकडे रोज सकाळी नखानं फिरवायचो.
परिपत्रकं इंग्रजीत टाइप व्हायची,
गुजरातीत भिंतीवर लागायची,
मराठीत मी ती मनातल्या मनात वाचायचो.

साडेदहाला फाटकाबाहेर
मनहरच्या लारीवर सगळा कारखाना उभा.
तिथे शिक्का नव्हता.
कुणाची बदली होणार,
हे तिथे ऑर्डरच्या आठ दिवस आधी कळायचं,
साहेब आज कुणावर तापलेत तेही.

एका मंगळवारी वाइंडिंगची रमीलाबेन
बशीत फुंकर घालत म्हणाली, "गुप्तेभाई,
भट्टीच्या दाराशी वास येतो.
जळक्या रबरासारखा."
मी म्हणालो, "हं."
आणि सेव-उसळीवर लिंबू पिळलं.

गुरुवारी दार निसटलं.
जयंती वसावाचा डावा हात,
कोपरापर्यंत.

चौकशीला तिघे आले. थोरल्यानं विचारलं,
"लेखी तक्रार होती का काही?"
मी चोपडी उघडून दाखवली:
दोन कोटेशनं, एक रजेचा अर्ज,
गरब्याच्या वर्गणीची पावती.
"नाही साहेब."
खरंच होतं ते.
रमीलाबेन दारात उभी होती.

मग मी नवी चोपडी घातली.
आवक एक: लारीवर ऐकलं,
दोन नंबरच्या क्रेनची साखळी कुरकुरते.
आवक दोन: स्टोअरमधे हातमोजे उरलेत
ते सगळे उजव्या हाताचे.
पारेखसाहेबांनी सही केली. साखळी बदलली,
डावे मोजेही आले.
आठवडाभर मी जरा ताठ चाललो.

आवक पाच: रात्रपाळीचा सुपरवायझर झोपतो.
कोण म्हणालं, तेही लिहिलं,
कारण 'कोणाकडून' हा रकाना
छापलेलाच होता.

त्यानंतर मी लारीवर पोचलो
की बोलणं क्रिकेटवर यायचं.
मनहर तेवढा विचारायचा, "खांड ओछी?"
आणि माझी साखर
सव्वीस वर्षं त्याला पाठ होती.

दीड महिना चोपडी कोरी.
ऑडिटवाल्यानं शेरा मारला: तक्रारी नाहीत, समाधानकारक.
मी त्यावरही शिक्का मारला.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
रमीलाबेन टेबलाशी आली,
बोटांना मांज्याचे काप.
"लिहू नका," म्हणाली, "पण..."
मी पेनाला टोपण लावलं,
तिला ऐकू जाईल असं, खटकन.
ती बोलली. तेल, गळती, कुठला व्हॉल्व्ह,
कोण कुणाला घाबरून गप्प आहे.
मी मान हलवत राहिलो.

केबिनपर्यंत बावीस पावलं आहेत.
तेवढ्यात मी तिचं नाव विसरलो,
गाव, खातं, आवाज,
सगळं विसरत विसरत दार ठोठावलं.

पारेखसाहेबांनी ऐकलं, चष्मा काढला.
"कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय," म्हटलं.
"रकान्यात गुप्ते लिहा.
तारीख आजचीच."