खेळला नाही

एर्मेलिंदनं कार्ड काढलं ते बिस्किटांच्या डब्यातून.
पत्त्याएवढं. एक कोपरा उंदरानं चाखलेला.
खांद्यावर बॅट टेकवून एक गोरा माणूस,
गालात काहीतरी धरून उन्हाकडे बघणारा,
छातीवरून तिरकी गेलेली निळी सही.
‘हो आलेशाचो इश्ट,’ ती म्हणाली,
आणि चहाला गेली.

आलेश मस्करेन्यस, बोटीवरचा स्वयंपाकी.
रजेवर आला की सावर्ड्याच्या तिठ्यामागं
माडाच्या पिड्यानं चेंडू मारायला शिकवायचा आम्हांला.
लागला की हातातलं टाकायचं आणि पळायचं.
बॅट घेऊन पळतो तो क्रिकेटवाला, म्हणायचा,
त्याला घरी भाकरी नाही.
आणि दर वेळी, दर वेळी तेच:
जगातला सगळ्यात मोठा फटकेबाज विल्बर टकेट,
त्यानं ह्या हाताशी हात मिळवलेला.
आम्ही त्या हाताचा वास घ्यायचो.
कांदा.

काल रात्री झोप येईना.
सहज, काही कारण नव्हतं,
फोनवर नाव टाकलं. सापडेल असं वाटलं नव्हतं.
सापडला.

वरची आद्याक्षरं कळेनात. आकडे कळले.
चौतीस वर्षं खाणीच्या काट्यावर बसलोय मी,
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
राहील तो माल.
वहीत चढलं नाही ते डोंगरातून निघालंच नाही,
असा आमचा धंदा.

तीन हंगाम. चौऱ्याण्णव सामने.
एकशे सत्त्याऐंशी वेळा बॅट घेऊन उभा राहिला,
अडतीस वेळा बसला फटका.
विजेच्या बिलामागं भागाकार करून पाहिला:
पाचांत एक, जेमतेम.
मैदानाबाहेर गेलेला चेंडू एकच,
तोही सामना हरलेले.
सगळ्यात मोठा, आलेश?
मला हसू आलं, मग ते कुणाला ऐकू जाईल म्हणून
पंखा वाढवला.

खाली एकेका दिवसाचा हिशोब होता.
आलेशाच्या खलाशी-पुस्तकातला शिक्का मला पाठ,
त्याच्या पेन्शनीचे कागद मीच भरलेले:
बाल्टिमोर, अकरा ते चौदा सप्टेंबर, एकाहत्तर.
तारखा जुळल्या. गाव जुळलं.
शनिवार: खेळला नाही.
रविवार: खेळला नाही.
सोमवार, मंगळवार, तेच दोन शब्द
खालीखाली.

म्हणजे बाकावर होता.
म्हणजे कंटाळून कुंपणापर्यंत आला असणार,
आणि कुंपणापलीकडं एक काळा, बारका माणूस,
खेळातलं ओ की ठो न कळणारा,
बोटीवर परतायला दोन तास उरलेले,
उगाच हसत उभा.
ज्याचे फटके बसत होते
त्याला कुठली सवड!

रिकाम्या ट्रकचं वजनही मीच लिहायचो,
सहा टन, कधी सव्वासहा.
ते वजा करण्यासाठीच लिहायचं असतं.

सकाळी कार्ड परत द्यायला गेलो.
आकड्यांचं काही बोललो नाही.
‘बरो खेळटालो?’ तिनं विचारलं.
बरो, म्हटलं. खूप बरो.
‘जिवो आसा?’
हे मात्र पाहिलं होतं मी.
जन्मतारीख होती, गावाचं नाव होतं,
पुढचा रकाना कोरा.
आसा, म्हटलं. एक्याऐंशीचा. आलेशाहून सात वर्षांनी मोठा.

तिनं कार्ड पदराला पुसलं, डब्यात ठेवलं,
झाकण लावता लावता थांबली.
‘मागीर ताका कळोवंक जाय न्ही?
आलेश गेलो म्हूण.’

तेव्हापासून शोधतोय.
डावखुरा होता, सहा फूट एक इंच,
वजन एकशे ब्याऐंशी पौंड,
किती वेळा चुकला तेसुद्धा दिलंय त्यांनी.
पत्ता दिलेला नाही.